निवडून आलेला राजा

बाबा, नववीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला तुम्ही मला उभं करून विचारलं होतं, "राजा कसा निवडतात?" मी म्हटलं, "मतदानाने, सर." वर्ग हसला. शाळेत तुम्ही मला मुलगी म्हणून कधी सवलत दिली नाहीत, त्या दिवशीही नाही. "निवडतात तो राजा नव्हे. दहा वेळा लिहून आण," म्हणालात. घरी स्वयंपाकघरात बसून मी ते लिहीत होते आणि आई भाकऱ्या थापता थापता तुमच्यावर चिडत होती. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. हे आज का सांगते आहे, ते मलाच नीटसं कळत नाही.

मी सिंगापूरला असते, हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात. माझ्या हाताखाली एक मलेशियन चिनी बाई आहे, पन्नाशीची. वीस वर्षं इथे नोकरी करते, पण तिचं मत तिकडे, मुआरला, आईच्या गावी. बुधवारी त्यांच्या संसदेची निवडणूक होती. सोमवारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांत, जेवताना तिने मला रजा मागितली. आजवर तिने कधी मत दिलं नव्हतं. या वेळी ऐंशी वर्षांच्या आईबरोबर जाऊन द्यायचं ठरलं होतं. मी विचारलं, "पण तुमच्याकडे तर राजा आहे ना? मग निवडणूक कशाला?" ती वाक्याला त्यांचा नेहमीचा 'लाह' लावत म्हणाली, "दोन्ही आहे लाह! सरकार आम्ही निवडतो, पंतप्रधान राजा नेमतो. आणि राजा पाच वर्षांनी बदलतो. नऊ राजघराणी आहेत, ते सुलतान आपसात मत देऊन ठरवतात." माझा चमचा हातातच राहिला. राजा, आणि मतदानाने! मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी तुमचा राग आला, आणि लगेच तुमच्यासाठी वाईट वाटलं. तुम्ही असतात तर तुम्हाला फोन केला असता की नाही, तेही सांगता येत नाही.

रजेचं उत्तर मी मंगळवारी दिलं. बुधवारी सकाळी एका जहाजाची कागदपत्रं द्यायची होती. "साहेब नाही म्हणतात. तेवढं काम उरकून जा," असं मी तिला सांगितलं. साहेबांना मी विचारलंच नव्हतं. ते काम तासाभराचं, मीसुद्धा केलं असतं. मग असं का केलं? माझं नाव गावच्या यादीतून केव्हाच गेलंय आणि इथे मी नुसती पीआर, कायमची रहिवासी पण नागरिक नव्हे, म्हणजे मला मत कुठेच नाही. त्याचा सल होता का? की कामाचीच काळजी होती? रोज वेगळं उत्तर येतं. माझ्या पहिल्या मतदानाला मला ताप होता तर तुम्ही मला शालीत गुंडाळून स्कूटरवर नेलं होतंत. त्या तुमची मी मुलगी.

ती साडेअकराला निघाली. मलेशियात जायच्या पुलावर गाड्यांची रांग, तिकडे बसला गर्दी. मुआरला जिथे मतदान होतं त्या शाळेपाशी पोचली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती; मतदान पाचला संपलं होतं आणि फाटक लागलं होतं. आई दुपारपासून बाहेर खुर्ची टाकून बसलेली, लेक आल्याशिवाय आत जायचं नाही म्हणून. शेवटी साडेचारला शेजाऱ्यांनी तिला हाताला धरून आत नेलं.

गुरुवारी मी दिवसभर फोनवर बातम्या बघत होते. इतक्या वर्षांचं सरकार पडलं होतं, लोकांनी निकाल दिला होता, आणि तरीही सगळा देश राजवाड्याच्या दाराकडे बघत होता. राजा शपथ देईपर्यंत पंतप्रधान कुणीच नाही. मग मोठं कोण, मत की राजा? तुम्ही फळ्यावर दोन चौकोन काढून समजावलं असतंत. मला ते दोन चौकोन वेगळे काढताच येत नाहीत.

शुक्रवारी ती आली ती आईने दिलेला मोठा पोमेलो, आपलं पपनस, माझ्यासाठी घेऊन. मी विचारलं, "वाईट वाटलं का गं?" तिने पिशवीची गाठ सोडली. "बसमधून उतरून धावले मी, एवढी जाडी असून," म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "इट्स ओके लाह. आईने दोघींचं मिळून दिलं. आणि तू तरी काय करणार, साहेबच नाही म्हणाले." मी मान हलवली. तो पोमेलो तिने तिथेच सोलला, आम्ही दोघींनी खाल्ला. गोड होता.

हे पत्र मराठीत आहे, ते तिला वाचता येणार नाही, आणि तुमच्यापर्यंत पोचणार नाही. बहुतेक म्हणूनच लिहू शकले. तिचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर आहे, बाबा, आणि तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही.