सुकन्येच्या नावाची सवाष्ण

नांदेड,
रविवार, १२ जानेवारी २०२५

सौ. सिंधुताई विहीणबाईंना,
लताचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहे असे लिहायची माझी सवय, आज ते लिहीत नाही. थंडी मात्र बरी आहे. श्रीनाथ कॉलेजात जातो, शिकवतो, परत येतो. व्याहीबुवांचा खोकला थांबला का?

वेळ अमावस्येला शेतातली पूजा झाल्यावर तुम्ही तुमच्या गावच्या बसवंतभाऊंच्या हाती पाठवलेला डबा पोचला. ओल्या दाण्यांची भज्जी, आंबिल, बाजरीचे वाफवलेले उंडे, सगळे नीट. उंडे आपल्या नातीने, मनूने खाल्ले. त्या उंड्यांमुळेच हे पत्र लिहायला बसले आहे. फोनवर बोलले असते, पण आमच्या घरात आता फोनवर बोलायची सोय उरलेली नाही. मी बोलू लागले की दाराआड नऊ वर्षांची पावले येऊन थांबतात. वळून पाहिले तर कोणी नसते.

मनू कार्तिकापासून आमच्या हातचे खात नाही. केळे स्वतः सोलते, बिस्किटाचा बंद पुडा स्वतः फोडते. ताट वाढले तर म्हणते, "आधी तू खा." मी घास घेते आणि ती माझ्या घशाकडे बघत राहते. मग तीच भाजी दोन घास खाते, कधी तेही नाही. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागलेत. शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली, तेव्हा तिच्या बाईंनी आम्हाला श्रद्धा नावाच्या मुलीचा नंबर दिला. मुलांच्या मनावर उपचार करते.

ती घरी आली. निलंग्याकडची निघाली, बोलणे थेट तुमच्यासारखे. मला वाटले, हिला तुम्हीच पाठवले. आमच्या घरात काय चालते ते बघून ये म्हणून. मी तिच्याशी मुद्दाम इंग्रजीत बोलले, माणूस जरा दबून राहते. तिने ते ऐकून घेतले आणि स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसत मराठीत विचारले, "आजी, घरातलं माणूस गेल्यावर तुमच्यात काय काय करतात?" मी सावध झाले. शिकलेली मुलगी, आमच्या चालीरीतींना हसेल आणि कुठेतरी नोंदवून ठेवेल. तरी सांगितले की दर महिन्याच्या तिथीला मासिक असते, आणि बाई सौभाग्यवती गेली असेल तर तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. साडी नेसवायची, ओटी भरायची, पाया पडायचे. ती हसली नाही. "तेव्हा मनू कुठं असते?" एवढेच विचारले.

शाळेत, म्हणाले.

पण कार्तिकातल्या वद्य दशमीला, मासिकाच्याच दिवशी, शाळा लवकर सुटली होती. श्रीनाथने सवाष्णीसाठी मोरपंखी साडी आणली होती. सुकन्येला तो रंग किती आवडायचा, तुम्हाला मी काय सांगणार. शेजारच्या वहिनी ती नेसून सुकन्येच्या पाटावर, सुकन्येच्या जागी जेवायला बसल्या होत्या. मी त्यांना कुंकू लावून वाकले आणि मान वर केली तर दारात मनू, पाठीला दप्तर. मी म्हणाले, अगं, या सहज जेवायला आल्यात. ती दप्तरासकट आत गेली.

श्रद्धा तिच्याशी पुष्कळ दिवस भातुकली खेळली. मग मनूला विचारून, तिने हो म्हटल्यावर, मला सांगितले: मनूला वाटते, आम्ही तिच्या आईला दूर पाठवून दिले आणि त्या साडीतल्या बाईला आणायचे ठरवले आहे. आता मनूलाही जेवणात काहीतरी घालून तसेच पाठवून देऊ.

सिंधुताई, आतापर्यंत मी आडवळणाने लिहिते आहे. तुमच्या लक्षात आले असेल. मनूला सुकन्या वारल्याचे आम्ही अजून सांगितलेले नाही.

डेंग्यूच्या त्या आठवड्यात ती देगलूरला आत्याकडे होती. दिवसकार्य होऊन गेल्यावर आली. श्रीनाथ म्हणाला, आई आजोळी गेली म्हणू, सहामाही होऊ दे. मग दिवाळी आली. आई फोन का करत नाही, असे ती रोज विचारायची. एक दिवस मी म्हणून गेले, तुझी आजोळची आजी तिला करू देत नाही.

तुम्ही मला विचारले होते, "लेकरू माझा आवाज ऐकला की फोन ठेवून राहिलंय. काय सांगितलंत तिला?" मी म्हणाले होते, मुलांचे काय, लहर असते. तुमचा संशय खरा होता.

आणि आता ते उंडे. तिने डबा हुंगला, उभ्याउभ्या दोन्ही हातांनी खाल्ले, कितीतरी दिवसांनी पोटभर. मग मला म्हणाली, "आईनं केलेत ना? म्हणजे तिला चुलीपाशी तरी येऊ देतात."

मी त्या रात्री श्रद्धाला सगळे सांगितले. वाटले होते, आता ही मला झोडपणार. ती म्हणाली, "तुमचं पान वाढणं चुकीचं न्हाई, आजी. फक्त ते कुणासाठी वाढलंय हे लेकराला ठाऊक पाहिजे." यावेळी सवाष्णीचे पान मनूनेच वाढावे, असे तिचे मत. गुरुजींना विचारले, त्यांची हरकत नाही. मला आमचे कॉन्व्हेंट आठवले. एका मुलीचे वडील वारले, तेव्हा सिस्टरांनी सगळ्या वर्गासमोर तसे सांगितले आणि तिच्या हाती मेणबत्ती लावायला दिली. मला ते फार निर्दय वाटले होते. पण दुपारी ती आमच्यात बसून डबा खाऊन गेली.

तिथी २४ तारखेला, शुक्रवारी आहे. तुम्ही गुरुवारी दुपारी या. श्रद्धा घरात असेल. सांगायचे श्रीनाथने, आपण दोघी शेजारी. तो श्रद्धासमोर ते वाक्य म्हणून बघतो आहे. अजून त्याच्याने पुरे होत नाही.

तुम्ही तिला घेऊन जाल, ही भीती मला पहिल्या दिवसापासून आहे. अजूनही आहे. म्हणूनच तुम्हाला दहाव्यानंतर इकडे येऊ दिले नाही. तुमची लेक गेली आणि तिचे लेकरूही मी तुमच्यापासून लपवले. याबद्दल काय म्हणायचे ते मला म्हणा, मनूसमोर मात्र नको, एवढीच विनंती.

तुम्ही दारात आलात की ती आधी तुमच्या पाठीमागे बघेल. तुम्हाला ते सोसायचे नाही, पण बाजूला होऊ नका. मग ती अंगावर धावून येईल, माझ्या आईला का डांबून ठेवलं म्हणून. तिला सांगा की या आजीने खोटे सांगितले. माझ्यादेखत, माझे नाव घेऊन सांगा. त्यानंतर ती माझ्याकडे बघणार नाही, हे मला कळते. पण कुणाच्या तरी हातचे ती निर्धास्त खाईल. ते हात तुमचे असू देत.

तुमच्या सुकन्येची सासू,
लता