वारशाच्या गल्लीत गायला मनाई

प्रिय धाकट्या,

काल आपल्या गल्लीत जाऊन आले. आता तिला संगीत वारसा मार्ग म्हणतात. फरशा नव्या, दिवे जुन्यासारखे दिसणारे नवे. बाबांच्या लाँड्रीत कप विकतात, कपांवर गिटार छापलेली. आपण सराव करायचो त्या मागच्या खोलीत ते कप कागदात गुंडाळून देतात. त्या खोलीत इस्त्रीच्या वाफेने तुझ्या गिटारच्या तारा उतरायच्या. तू चिडायचास, आणि बाबा भिंतीपलीकडून ओरडायचे की सूर गेला तरी चालेल, शर्ट जळता कामा नये. शेवटी आपण उतरलेल्या तारांवरच गायला लागलो. लोकांना वाटलं, ही यांची खास शैली. त्याच गाण्याने गल्लीचं नाव झालं.

काल ते गाणं खांबावरच्या स्पीकरवर लागलं होतं. सूर दुरुस्त करून, घासूनपुसून. मला राहवलं नाही. मी आपल्या जुन्या सुरात मोठ्याने गायला लागले. एक कडवं होतंय न होतंय तोच रखवालदार आला. भला माणूस. म्हणाला, मावशी, इथे गायला मनाई आहे, हा वारसा आहे. मी म्हटलं, अरे, हे गाणं माझंच आहे. तर म्हणतो, असेल हो, पण वर लागलंय ना ते, मग तुम्ही कशाला त्रास घेता?

हसू नकोस. कोपऱ्यावरच्या अकॉर्डियनवाल्यालाही उठवलंय. आपल्याला पहिली साथ त्याने केली होती. आता तो पुलाखाली, गाड्यांच्या आवाजात वाजवतो. मी जाऊन त्याच्याशेजारी बसले. त्याने हातातली धून पुरी वाजवली. मग म्हणाला, तुझा भाऊ गल्लीच्या उद्घाटनाची फीत कापायला येतोय म्हणे, कात्री धारदार आण म्हणावं.

आज सकाळी मी महापालिकेच्या कचेरीत गेले आणि तू येणार नाहीस असं सांगून आले. जिथून गाणाऱ्याला उठवतात तिथे माझा भाऊ फीत कापत नाही, असंही सांगितलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू ‘बघू’ म्हणाला असतास. उद्घाटनाच्या दिवशी मी आणि अकॉर्डियनवाला लाँड्रीसमोर उभं राहून गाणार आहोत, उचलून नेईपर्यंत. माझा राग आला असेल तर उत्तर लिहू नकोस, फोनही करू नकोस. गल्लीत ये आणि सगळ्यांदेखत माझ्यावर ओरड. तिथे आवाज चढवायला बंदी आहे, म्हणून तिथेच.

तुझीच,
तुला न विचारणारी ताई