पलंगाखालची फळी सोडून बाकी सर्व नवे

मी, थोरा सिगुर्डसन, कै. हाल्डोर सिगुर्डसन यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार लून बे, मॅनिटोबा, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहून ठेवते. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याइतका दम आमच्या घरात कोणात नाही. मुलाने संगणकावरून छापून आणलेला आणि माझ्या चहाच्या कपाखाली सरकवलेला नमुना रद्द समजावा.

कलम १. गावातले घर आणि बँकेतली शिल्लक माझा एकुलता एक मुलगा ब्रेंट यास मिळावी. तो माझ्या पोटचा आहे, आणि त्या घराचा तळ सिमेंटचा आहे. तिथे त्याच्या हातून फारसे बिघडण्यासारखे काही नाही.

कलम २. तळ्याकाठचे शेजारी क्लिफर्ड यांस माझी लोखंडी खरवडणी द्यावी. या गृहस्थांनी पंधरा उन्हाळे माझ्या ट्रेलरच्या प्रत्येक फटीत सिलिकॉन भरले. दर वेळी म्हणायचे, "थोराबाई, चिकटवलं की झालं! आता पाण्याच्या बापाला आत शिरता येणार नाही." पाणी आधीच आत होते. क्लिफर्डनी त्याला कोंडून ठेवले. त्यांचे सिलिकॉन खरवडण्यात माझा एक अख्खा जून गेला. उरलेले त्यांनी स्वतः खरवडावे.

कलम ३. आता ट्रेलर. मोटारीमागे ओढून आणलेले हे सोळा फुटी चाकावरचे घर आम्ही १९७४ साली जुनेच घेतले आणि तळ्याकाठी उभे केले. त्याचा लाकडी तळ का कुजला, हे इथे नोंदवणे भाग आहे, कारण ब्रेंट सगळीकडे वेगळेच सांगतो.

पाणी छपराच्या मागच्या सांध्यातून गळत होते. भिंतीच्या आतून उतरून ते तळाच्या लाकडात मुरत होते. हाल्डोरचे गुडघे गेल्यामुळे काम ब्रेंटकडे आले. तो एका शनिवारी सकाळी आला, कुजक्या लाकडावर नवे प्लायवूड ठोकले, वर लिनोलियमचे निळे आच्छादन पसरले आणि दुपारी बिअर उघडून बसला. छपराकडे त्याने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! मी विचारले, "खालचं काढलंस का?" तर म्हणाला, "आई, दिसतंय कुणाला?"

तिसऱ्या उन्हाळ्यात हाल्डोर कॉफीची किटली घेऊन चालत असताना त्याचा पाय मांडीपर्यंत आरपार गेला. खुबा मोडला. तो पुन्हा तळ्यावर आला नाही, आणि वसंतात बर्फ वितळण्याआधी गेला. दफनाच्या दिवशी ब्रेंट पाहुण्यांना सांगत होता, "बाबांचं वजनही फार वाढलं होतं." हे वाक्य मी विसरलेले नाही, आणि माझ्यामागे कोणी विसरू नये म्हणून इथे लिहिले आहे.

कलम ४. त्यानंतर तळ मी बदलला. वय एकाहत्तर होते. या घरांच्या भिंती तळाच्या कडेवरच उभ्या असतात. कड एका दमात कापली की भिंत खाली येते. म्हणून आधी छप्पर बंद करायचे, मग भिंतीला जॅकचा टेकू द्यायचा आणि हातभर हातभर तुकडा काढून नवा बसवायचा. दोन उन्हाळे लागले. जॅक धरायला माझी सून लेस्या होती. ब्रेंटने तिला सोडले होते, मी नव्हते. आमचा पोरगा बाजूने जाताना मोटारीची काच खाली करून म्हणाला, "भंगारात घाला ते खोकं!" लेस्या म्हणाली, "आधी तुझं सामान काढून ने, मग बघू."

कलम ५. आणि आता जे मी कोणाला सांगितले नाही ते.

पलंगाखालच्या कोपऱ्यातली फळी मी बदललेली नाही. ती हाल्डोरने पहिल्या वर्षी बसवली होती आणि तिच्यावर सुताराच्या पेन्सिलीने लिहिले होते : "थोरा म्हणते वाकडी आहे. नाही." ती भुसा झाली आहे. मला कापवेना. मी तिच्यावर पत्रा ठोकला, पत्र्यावर लिनोलियम पसरले आणि साऱ्या तळ्याला सांगितले की सगळे नवे आहे. ब्रेंटला सात वर्षे नावे ठेवली आणि केले तेच.

गेल्या जुलैत लेस्या पलंगाखाली पोटावर आडवी झाली आणि तिथे पेचकस टोचला. म्हणाली, "अहो आई, इथं दबतंय. तुम्ही झाकलंय हे."

मी म्हणाले, "स्वतःचा संसार टिकवता आला नाही, आणि माझ्या फळ्या तपासायला निघालीस?"

तिने पेचकस जागेवर ठेवला, पिशवी उचलली आणि गेली. तेव्हापासून आलेली नाही. तिचा नंबर फ्रिजवर आहे. मला फोन करवत नाही.

कलम ६. सबब ट्रेलर, त्याखालची जागा, जॅक, करवती आणि पेचकस लेस्या हिला मिळावेत. ब्रेंट त्या पलंगावर वर्षानुवर्षे झोपला आणि त्याला काही कळले नाही. तिने एकदाच टोचून पाहिले. फळी तिने कापून टाकावी, माझ्यासाठी जपू नये. शिवाय फळी वाकडीच होती.

ठिकाण : लून बे. दिनांक १४ मे.
सही : थोरा सिगुर्डसन
साक्षीदार : १) ऑड्री क्लासेन, पोस्टमास्तर २) मर्व्हिन ड्यूक, मासेमार

पुरवणी, त्याच दिवशी. सही झाल्यावर वकीलबाईंच्या टेबलावरून मी फोन केला. लेस्या "हॅलो" म्हणाली. मी म्हटले, "फळी कापायची आहे. मला एकटीला जमणार नाही."

ती म्हणाली, "शनिवारी येते. मी येईपर्यंत हात लावू नका, आई."

त्यामुळे कलम ५ मधले शेवटचे वाक्य आता खोटे आहे. वकीलबाई म्हणाल्या, वरून पांढरी पट्टी चिकटवते, दिसणार नाही. मी नको म्हटले. ते वाक्य सरळ खोडले आहे, आणि बाजूला मी आणि दोन्ही साक्षीदार, आम्हा तिघांच्या सह्या आहेत.