मेंदूने स्वतःलाच हाकललं

तीर्थस्वरूप काकांना धाकट्या पुतण्याचा साष्टांग नमस्कार (उभ्यानेच घालतोय, बसायला सवड नाही). तुमचा खोकला काय म्हणतो? काकूचा राग उतरला का? माझी तब्येत ठणठणीत आहे, बाकी आनंदीआनंद. ऑफिसचा ड्रायव्हर ही चिठ्ठी आणून देईल, कारण इथले फोन, ईमेल सगळं बंद आहे आणि माझा मोबाईल सर्व्हर रूममध्ये राहिलाय. (तुमचा नंबर मला पाठ नाही, मोबाईलला आहे.)

तर झालं असं, की आजवर आमच्या नेटवर्कमधला प्रत्येक स्विच (म्हणजे वायरी जुळतात तो डबा) कुठला निरोप कुठे धाडायचा ते आपल्या अकलेने ठरवायचा. आता जमाना बदलला. डब्यांची अक्कल काढून घ्यायची आणि सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरच्या हाती द्यायचा. त्याला कंट्रोलर म्हणतात. (तुमच्या घरी काकू आल्यापासून हीच पद्धत आहे, तेव्हा जास्त समजावत नाही.) पुढची सगळी नेटवर्कं अशीच असणार, असं मी मोठ्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. ते म्हणाले, करून दाखव. जमलं तर आजच नोकरी कायम, नाही तर आजच रामराम.

दाखवलं. ओळखीच्या यंत्रांची नावं कंट्रोलरला दिली आणि हुकूम सोडला, की यांच्याखेरीज कुणी दिसला की हाकल. सगळ्यांची नावं दिली हो, अगदी कोपऱ्यातल्या प्रिंटरचंसुद्धा. खुद्द कंट्रोलरचं तेवढं राहिलं. (लग्नाची पानं मोजताना नवरदेवाला कोण मोजतं?) गडी इतका आज्ञाधारक, की त्याने पहिल्या फटक्यात स्वतःलाच हाकललं. अख्खी इमारत मुकी झाली. हिशेबवाल्या बाई कधी नव्हे त्या खुर्चीतून उठल्या.

आता कंट्रोलर हाताने चालू केला की संपलं. पण तो सर्व्हर रूममध्ये आहे, आणि त्या दाराचं कुलूप उघडायचं की नाही हे कंट्रोलरलाच विचारतं. हीसुद्धा माझीच कल्पना.

लोभ आहेच, आज जरा जास्त असू द्या.

आपला, अजून तरी नोकरीत असलेला,
पुतण्या

ता. क. – कुलपांचं दुकान बंद करून ड्रायव्हरबरोबरच निघा. ड्रिल मशीन आणा. साहेब सर्व्हर रूममधले लुकलुकते दिवे बघायला गेले होते, ते आतच आहेत (त्या यंत्रांतला कंट्रोलर कुठला, हे काही त्यांना ओळखता येत नाही). एसी जोरात आहे आणि अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट.

ता. ता. क. – ड्रायव्हर गाडी काढतोय तेवढ्यात लिहितो. दाराआडून साहेब आधी ‘तुला काढतोच’ म्हणत होते. मग ‘बघू’ म्हणाले. आत्ता नोकरी कायम झाली, बाई साक्षीला आहेत. तेव्हा काका, धावपळ नको, चहाबिहा घेऊन सावकाश या. पगारवाढीचं बोलणं सुरू आहे.