अकरा जणांचे अनुभव, माझ्या शब्दांत

३ मार्च, सोमवार

मित्राने बोलावलं. मित्र म्हणजे आमचा साहेब. दोन वर्षांपूर्वी त्याने जाहीर केलं की इथे कुणी साहेब नाही, मला मित्र म्हणा. तेव्हापासून "मित्राने झापलं", "मित्राने रजा नाकारली" अशी वाक्यं आम्ही बिनदिक्कत बोलतो.

काम असं — वेबसाइटवर "आमची माणसं" नावाचं पान करायचं. अकरा कर्मचाऱ्यांचे इथले अनुभव, त्यांच्याच शब्दांत. शुक्रवारपर्यंत. ज्या मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलंय ती बघणार आहे म्हणे.

मी म्हटलं, एकेकाशी बोलायलाच आठवडा जाईल.

"बोलतेस कशाला? ते कामात आहेत. तू लिही ना, त्यांच्या शब्दांत."

४ मार्च

संस्कृतीताई जिन्यापर्यंत मागे धावत आली. मी फळ्यावर चुंबक लावायला विसरले होते. दारातच फळा आहे, त्यावर चेहरे काढलेत. आज जसं वाटतंय त्या चेहऱ्याखाली आपलं चुंबक लावायचं. ताईचं पद "संस्कृती प्रमुख", पूर्वी नुसतं एचआर होतं. रडका चेहरा तिने गेल्या महिन्यात पुसून टाकला, कारण लोक त्याचा गैरवापर करत होते. आता हसरा, जास्त हसरा आणि डोळे मिटून हसरा एवढेच उरलेत. मी डोळे मिटलेला घेते. निदान झोपल्यासारखा दिसतो.

६ मार्च

नऊ झाले. लाज वाटावी इतके चांगले झालेत. हिशेबनीस गेल्या सहा वर्षांत माझ्याशी फक्त "बिल जोडलं नाहीये" एवढंच बोललाय, आणि माझ्या पानावर तो म्हणतो, "इथे मी मोकळेपणाने हसायला शिकलो." रिसेप्शनवालीला मी "या दारातून येणारा प्रत्येक जण मला घरचा वाटतो" असं म्हणायला लावलं. ती माझ्यासमोरच फोनवर कुणाला तरी "डोकं नका खाऊ" म्हणत होती.

मग कातर. आमचा व्हिडिओ एडिटर. दिवसभर फिल्म कापतो म्हणून मीच हे नाव पाडलं. शेजारच्या टेबलावर सात वर्षं. त्याला एक लहान मुलगी आहे एवढं माहीत होतं. लिहिलं — "माझी मुलगी पहिल्यांदा चालली, तेव्हा सगळं काम थांबवून अख्ख्या टीमने टाळ्या वाजवल्या. मला इथे दुसरं कुटुंब मिळालं."

कुठून सुचतं मला हे.

७ मार्च

पान चढलं. ताईने घंटा वाजवली. चांगली बातमी आली की ती घंटा वाजवते. परवा कॉफीचं मशीन दुरुस्त झालं तेव्हाही वाजवली होती.

११ मार्च, मंगळवार

हिशेबनीस हसला.

कारण काही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत एकदम "हा हा" केलं आणि आजूबाजूला बघितलं. नंतर मला हळूच विचारलं, "बरोबर होतं ना?"

१२ मार्च

दिवसभर फरशी पुसायच्या मॉपची जाहिरात. ग्राहकाचं म्हणणं, निळा रंग अजून थोडा प्रामाणिक हवा. मित्र म्हणाला, अगदी बरोबर बोलतायत. आम्ही सगळ्यांनी निळ्याकडे पाहिलं. मलाही तो जरा लबाड वाटायला लागला. कातरची ही पंधरावी आवृत्ती.

१३ मार्च

हे लिहिलंच पाहिजे.

कातर चहाला घेऊन गेला. म्हणाला, ताई, एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, मला दुसरीकडे नोकरी मिळाली होती. एका हॉस्पिटलमध्ये, नर्सिंगच्या मुलींसाठी शिकवण्याच्या फिल्म करायच्या. घरापासून चालत दहा मिनिटं. पाच वाजता सुट्टी.

"होती म्हणजे?"

"काल नाही म्हणून कळवलं. आपल्या वेबसाइटवर माझा अनुभव वाचला, ताई. तीनदा वाचला. वाटलं, अरे, आपण इथे इतके सुखी आहोत आणि आपल्याला पत्ताच नाही."

मला ठसका लागला. त्याने पाठीवर थोपटलं.

"पण तू हे सांगितलंस कुणाला?" मी विचारलं. जणू मला माहीत नाही.

"आठवत नाही. बोललो असेन. एवढं नेमकं लिहिलंय म्हणजे बोललोच असणार."

सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात त्याने चहाचे पैसे दिले आणि आम्ही उठलो.

१४ मार्च

सांगितलं नाही.

१७ मार्च

आजही नाही. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग उद्या सांग." त्याला सगळं उद्या जमतं.

२४ मार्च, सोमवार

कातरला काढलं.

साडेअकराला मित्राने त्याला आत बोलावलं, बारा वाजता कातर बाहेर आला. संस्कृतीताईने त्याला शांत खोलीत पंधरा मिनिटं बसायला सांगितलं. ही खोली मन मोकळं करायला आहे, पण आधी नोंदणी लागते, आणि गुरुवारपर्यंत भरलेली होती. म्हणून कातर झेरॉक्सच्या मशीनपाशी उभा राहिला. मी तिथे गेले तर म्हणाला, "काहीतरी गोंधळ झाला असेल, ताई. त्यांनी वेबसाइट वाचली नसेल."

२५ मार्च

मित्राने निरोप पाठवला — कातरचं निरोपाचं मनोगत लिही. त्याच्याच शब्दांत. कृतज्ञतेचा सूर ठेव. मित्राचा चेहरा उतरलेला होता. मला दया आली नाही.

२७ मार्च, गुरुवार

रजा टाकली आणि कातरच्या घरी गेले. सात वर्षांत पहिल्यांदा. बायको कामावर गेली होती, मुलगी जमिनीवर बसून डबे वाजवत होती.

उभ्यानेच सांगितलं. तो अनुभव मी लिहिला. सगळ्यांचे मीच लिहिले. कुणालाही काही विचारलं नव्हतं.

तो म्हणाला, "टाळ्या?"

"त्याही मीच."

"मला त्या आठवायला लागल्या होत्या, ताई. कोण कुठे उभं होतं ते सुद्धा."

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पाणी आणून दिलं. मी वही काढली आणि जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं — तुझा अनुभव काय?

दोन तास बोलला. मुलगी चालली तेव्हा तो एका जाहिरातीची नववी आवृत्ती कापत होता. बायकोने व्हिडिओ पाठवला. टेबलावर फोन बघायला बंदी, म्हणून त्याने बाथरूममध्ये जाऊन आवाज बंद करून पाहिला. "आणि खरं सांगू? पहिला विचार काय आला, तर फ्रेम वाकडी आहे. मुलगी नंतर दिसली."

मी एकही शब्द सजवला नाही. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "टाक. मी आता कुठे जाणार आहे?"

२८ मार्च

चार वाजता पानावरचा त्याचा जुना अनुभव काढून हा टाकला. संगणक बंद केला, सरळ घरी आले.

२९ मार्च

नवऱ्याने फोनवर वाचलं. "हे तू लिहिलंस?"

"नाही. त्याने सांगितलं."

"तरीच," म्हणाला.

या माणसाशी मी एकोणीस वर्षं संसार करतेय.

हॉस्पिटलला फोन लावला, कातरची जागा अजून रिकामी आहे का विचारायला. भरली. तिथल्या बाईंनी त्याचं नाव मात्र लिहून घेतलं.

३१ मार्च, सोमवार

ड्रॉवर आवरूनच बसले होते. पान अजून तसंच होतं. दहा वाजता मित्र स्वतः माझ्या टेबलाशी आला. मी उठले. तो म्हणाला, बस. कातरची रिकामी खुर्ची ओढून त्यावर बसला.

"चोवीस तारखेला नव्या मालकांनी मलाही काढलं. कातरला आत बोलावलं, त्याच्या तासभर आधी. महिना संपेपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी सही घेतलीय. आज संपला." मग म्हणाला, "माझाही लिहून घेतेस?"

मी वही उघडली. वर पाहिलं तर त्याच्या मागे रिसेप्शनवाली उभी होती, आणि तिच्या मागे संस्कृतीताई.