मागच्या पडवीतली पावडर

आये,

आज कपड्यांच्या ब्लीचची बाटली आणली आणि सवयीनं तिच्या पाठीवरचं बारीक छापलेलं वाचलं. आम्लात मिसळू नये, विषारी वायू होतो, असं लिहिलंय. मी नीट वाचायला शिकले ते तू गेल्यावर, किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून. तेव्हा तुलाही येत नव्हतं आणि मलाही. येत असतं तरी काय? तू आणलंस ते ब्लीचिंग सुटं होतं. त्यावर कोण काय लिहिणार?

पनवेलात तेव्हा घरोघर पिवळी नाहीतर निळी धुण्याची पावडर आली होती, जुनी साबणाची वडी मोरीच्या कोपऱ्यात वाळत पडायची. महिला मंडळात शिकून तू मागच्या पडवीत स्वतःची पावडर करू लागलीस. सोडा, मीठ आणि कॅनमधली ती काकवीसारखी काळपट स्लरी, जिच्यामुळे फेस येतो. ती आम्लच असते, हे मला फार उशिरा कळलं. घमेल्यात हातानं कालवायचीस, चाळायचीस, पिशव्या भरून विकायचीस. मीठ तुझ्या माहेरच्या मिठागरातलं. "माझ्या बापाचा मीठ पनवेलकरांच्या चड्ड्यांत," म्हणून हसायचीस. तुझा जावई चिडवायचा, "मामी, माझ्या शर्टाचा रंग कुठं गेला?" तू म्हणायचीस, "फुकट धुवून मिलतंय ना? मंग गप बसा."

मग टीव्हीवर पांढरेशुभ्र सदरे दिसू लागले. मास्तरीणबाई तुझी पिशवी परत देत म्हणाल्या, "मावशी, राग मानू नका, पण त्या नव्या पावडरीनं मुलांचे गणवेश कसे लख्ख निघतात." दुसऱ्या दिवशी विहिरीत टाकतात ते ब्लीचिंग घेऊन आलीस. "आपली बी पांढरा करील," म्हणालीस आणि स्लरीवर ओतलंस. मी दारात पिशव्यांची तोंडं बांधते आहे. घमेलं फसफसतं, डोळे चरचरतात, तू खोकत खोकत ते अंगणात ओढतेस. "आत जा, जा ना!" ओरडतेस. मला तुझा हात धरायचा आहे आणि मलाच श्वास घेता येत नाही.

त्या दिवसापासून तुझा खोकला गेला नाही. डॉक्टरांनी पावडरीपासून लांब राहायला सांगितलं. "ही माझी हाय. ही सोडून काय करू?" म्हणत तू तोंडाला पदर बांधून पुन्हा बसलीस. जावयानं चाळण लपवली तर शेजारणीची आणलीस. चाळताना धूळ उठायची, तू खोकायचीस, आणि मी शेजारी बसून पिशव्या बांधायचे. दुसरं काय करणार होते?

तुला थांबवलं ते रुपयाच्या पुडीनं. दुकानादुकानांत कंपन्यांच्या सुवासिक पावडरीच्या पुड्यांच्या माळा लटकल्या. गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. एका दुपारी तू घमेलं पालथं घातलंस. "कोनी मागत नाय, तं कोनासाठी करू?" पुढचा पावसाळा तू पाहिला नाहीस. खोकला शेवटपर्यंत तुझ्याबरोबर होता.

आता तुझा जावईही नाही. मशीनमध्ये पातळ साबण ओतते आणि ते फिरताना बघत बसते. हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, म्हणून सांगते. तू घमेलं पालथं घातलंस तेव्हा मी तुझ्यासमोर डोळे पुसले. पण आत जाऊन देवाला हात जोडले होते. वाटलं, सुटलो, आता आयेचा खोकला थांबेल.