लिहून द्या, मग उठते

प्रिय धाकटे,

भिंगरी शाळेत जायला लागली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू जीव मुठीत धरून वाचणार नाहीस. दुसरीच्या वर्गात, खिडकीशेजारच्या बाकावर, इतर पोरांसारखाच गणवेश घालून बसते. फक्त कॉलरमागची चिठ्ठी मी कापून टाकलीय. ती टोचली की बाईसाहेब अंगातलं सगळं काढून फेकतात, तुला माहीतच आहे.

मागे फोनवर तू म्हणालीस, "ताई, किती दारं ठोठावशील? ती निवासी शाळा बघ ना. हिरवळ आहे, चार वेळा जेवण आहे, अगदी लहानपणापासून घेतात." मी चिडून फोन ठेवला, पण तुझ्या भाऊजींना घेऊन जाऊन बघून मात्र आले. माणसं वाईट नव्हती गं. चादरी स्वच्छ, भिंतींवर चित्रं. पण निघताना एक पोरगी माझ्या बॅगेचा पट्टा धरून फाटकापर्यंत आली. तिला सोडवायला दोन बाया लागल्या. परतीच्या वाटेवर तुझे भाऊजी एकच बोलले, "आपली आपल्या घरात झोपेल." विषय संपला.

मग सुरू झाली माझी वणवण. पहिल्या शाळेत जागा होती. भिंगरीनं टेबलाभोवती चार गिरक्या घेतल्या आणि जागा भरली. दुसरीकडे म्हणाले, घेतो, पण दिवसभर तुम्ही शेजारी बसायचं. मग दवाखान्यात रुग्णांना "आ करा" कोण सांगणार, आमचे दातांचे डॉक्टर? खास मुलांच्या शाळेत गेले, तर तिथल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "ही वाचते की! आमच्याकडे मागे पडेल." म्हणजे एका शाळेला माझी पोर कमी पडते, दुसरीला जास्त होते. मग तिला बसवायची तरी कुठे, माझ्या डोक्यावर?

राहिली ती आमच्या गल्लीच्या टोकाची शाळा. मुख्याध्यापिका गोड बोलणाऱ्या. "आम्हाला बाकीच्या पालकांचाही विचार करावा लागतो." मी म्हटलं, "मीही पालकच आहे. नाही म्हणायचं तर कारणासकट लिहून द्या." त्या हसल्या. तोंडी नकार द्यायला त्यांना काहीच वाटलं नव्हतं, पण लिहायचं म्हटल्यावर पेन सापडेना. तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही लिहून द्या, मग मी उठते," आणि त्यांच्या दारासमोर, पाण्याच्या नळांशेजारी सतरंजी टाकली.

हसू नकोस. डॉक्टरांकडून दुपारची पाळी मागून घेतली होती. रोज सकाळी शाळा भरली की आमचीही भरायची. मी गणितं घालायची, भिंगरी खडूचे तुकडे उंचीप्रमाणे लावायची. शिपायाला आम्हाला उठवायला पाठवलं, तो येऊन फक्त "ऊन तिकडून येतं, इकडे सरका," म्हणाला आणि गेला. घंटा झाली की ती कान दाबून किंचाळायची. पाणी प्यायला आलेल्या मुली आधी पळायच्या, नंतर त्यांच्यातली एक घंटेच्या आधी येऊन सांगायला लागली, "आता वाजणार हं." काही आया तोंड फिरवून जायच्या. एकीनं "घरी ठेवायचं ना असल्यांना" असं मुद्दाम मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. मीही तितक्याच मोठ्यानं भिंगरीला पाढा म्हणायला लावला. 

नळांना लागूनच दुसरीचा वर्ग. त्याच्या बाई निवृत्तीला आलेल्या, करड्या. एका सकाळी वर्ग सोडून तणतणत बाहेर आल्या. मला वाटलं, आता ओरडणार. त्या थेट मुख्याध्यापिकांच्या दारात उभ्या राहिल्या. "ही मुलगी बाहेर बसून माझ्या गोष्टीला हसते. आतली निम्मी हसत नाहीत. मला ही वर्गात हवीय."

त्यावर मुख्याध्यापिकांनी प्रवेश दिला, पण 'तात्पुरता, वागणूक बघून'. मी सही केली नाही. विचारलं, "बाकी कुणाला बघून घेतलंय?" दोन दिवस पुन्हा सतरंजीवर काढले. शेवटी तो शब्द खोडला गेला, आणि आठवड्यातून दोनदा मदतीला येणाऱ्या शिक्षिकेची सोयही झाली. सगळं गोडगोड आहे असं समजू नकोस. मंगळवारी तिनं एकाला चावा घेतला, काल अर्धा तास बाकाखाली होती. पण आता ते सगळं तिच्या वर्गात होतं, आणि तिच्या बाई बघतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ही बातमी फोनवर देता आली असती, पण तू मध्येच विषय बदलला असतास. तुझ्या घरी आले होते तेव्हा तुझा सोन्या आमच्या सगळ्यांच्या चपला एका रांगेत लावत होता. मी तीनदा हाक मारली, त्यानं मान वळवली नाही. तू घाईघाईनं म्हणालीस, "लाजाळू आहे गं, मुलगे उशिरा बोलतात." आणि दारापर्यंत सोडायला आलीस तेव्हा हळूच विचारलंस, "भिंगरीचं तुला पहिल्यांदा कधी कळलं?" त्या निवासी शाळेची जेवणं, वयाची अट, सगळं तुला तोंडपाठ कसं, ते मला तुझ्या घरून परतताना उमगलं. ती शाळा तू माझ्या मुलीसाठी शोधली नव्हतीस. वेडे, एकटीनं किती दिवस वाहिलंस हे? शनिवारी मला सुट्टी आहे, त्याला घेऊन ये. भिंगरीला तपासतात त्या बाईंची वेळ मी घेतलीय. जावईबुवांशी तू बोल, नाही जमलं तर मी बोलेन, आणि मी बोलले की ते ऐकतात हे तुला ठाऊक आहे. बालवाडीनं त्याला परत पाठवलं असेल, तर तिचा पत्ताही आण. आणि तो लाजाळू आहे, असं यापुढे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

तुझीच, अजिबात न दमलेली,
ताई